ऑर्डवेचा खडखडाट

ऑल्डरटन गावात दोन गोष्टींवर कुणी वाद घालत नसे. एक, मेथडिस्ट चर्चच्या बायकांनी केलेलं बटाट्याचं सॅलड. आणि दुसरी, व्हर्नन टाइस मास्तरांचं पुस्तक. सॅलडबद्दल निदान पाठीमागे थोडी कुजबुज तरी व्हायची. पुस्तकाबद्दल तेवढंही नाही.

पुस्तक होतं ऑर्डवे मोटरसायकलवर. आता ऑर्डवे म्हणजे काय, हे इंडियाना राज्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि राज्याच्या आतही ज्यांना ठाऊक आहे ते जुलैच्या दुसऱ्या शनिवारी सगळेच्या सगळे आमच्या जत्रेच्या मैदानावर, डुकरांच्या प्रदर्शनाच्या शेडमध्ये मावतात. एलाम ऑर्डवे हा गावोगाव पवनचक्क्या दुरुस्त करत हिंडणारा कारागीर. एकोणीसशे दहा साली त्याने पशुखाद्याच्या गिरणीमागे एक शेड भाड्याने घेतली आणि मोटरसायकली बनवायला लागला. चार वर्षांत दोनशे अकरा गाड्या बनवल्या. मग तेराच्या वसंतातला महापूर आला आणि कागदपत्रं, नकाशे, सगळं नदीबरोबर गेलं. वर्षभरात कंपनीला टाळं लागलं. एलाम पश्चिमेकडे निघून गेला तो कायमचाच. आज जगात आठ ऑर्डवे उरल्या आहेत. त्यातली एक मास्तरांची.

मास्तर शाळेत सुतारकाम आणि लोहारकाम शिकवत. एकोणसत्तर साली त्यांना एका जुन्या फोटोग्राफरच्या माळ्यावर काचेची एक पट्टी, म्हणजे त्या काळची निगेटिव्ह, सापडली. तिच्यावर एलाम ऑर्डवे आणि त्याची मोटरसायकल, समोरून काढलेली. एलामचा एकमेव फोटो! मास्तरांनी शाळेच्या अंधारखोलीत तो स्वतः छापला. त्या फोटोवरून आणि स्वतःला मिळालेल्या एका गाडीच्या सांगाड्यावरून त्यांनी पुस्तक लिहिलं आणि एकाहत्तर साली छापून आणलं. तेव्हापासून ज्याला ऑर्डवे पूर्ववत करायची असेल, तो ते पुस्तक बाकावर उघडं ठेवूनच पाना हातात घेई.

पान त्रेचाळीसवर तो फोटो. एलाम मोटरसायकलमागे उभा, एक हात पट्टा ताणायच्या लांब दांड्यावर. हा दांडा पुढे ढकलला की इंजिनाचा पट्टा ताणला जातो आणि गाडी चालू लागते. खाली मास्तरांची टीप: ‘ऑर्डवेचा दांडा टाकीच्या उजव्या बाजूस असे. ऑर्डवे यांस डावा हात ऐटीत खिशात घालून उभे राहण्याची सवय होती.’

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, काय बिघडलं? तसं काहीच नाही. फक्त ऑर्डवेचा पट्टा डावीकडे आहे. दांडा उजवीकडे, तर दोघांना जोडायला इंजिनाखालून एक आडवी सळई घालावी लागते, आणि ती सळई चालत्या गाडीत असा काही खडखडाट करते की शेजारच्या शेतातल्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात. शिवाय सळई तापून पोटरी भाजते ती वेगळीच. मास्तरांच्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण होतं, ‘ऑर्डवेचा खडखडाट’ नावाचं. ऑर्डवेवाल्यांच्या क्लबात तर गाड्या तपासताना खडखडाटाला दोन गुण असत. खडखडली नाही, तर ती ऑर्डवे कसली?

तर नव्याण्णव साली जुलैच्या त्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक पिकअप ट्रक मैदानात शिरला. चालवत होती डार्ला बाउर. साठीची, दणकट, गेली पंचवीस वर्षं शाळेची बस चालवणारी. मागे गोधड्यांखाली काहीतरी होतं. तिने गोधड्या ओढल्या आणि शेडमधला गलका एकदम थांबला.

ऑर्डवे! नववी! अंगभर गंज, टाकीवर कोंबड्यांची वाळलेली शिट, बसायच्या चामड्याचा भुगा झालेला. पण एकही भाग हललेला नाही की बदललेला नाही.

“हे कुठून आणलंस बाई?” मास्तरांचा आवाज चिरकला.

“खुराड्यातून,” डार्ला म्हणाली. “आजोबा गेल्यापासून कोंबड्या हिच्यावर बसायच्या. मी म्हटलं, पुरे झाला त्यांचा मान.”

मास्तर हातातलं सँडविच विसरले. आमच्याकडचं सँडविच म्हणजे पावाच्या बाहेर चहूकडून लोंबणारा डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा. तो त्यांच्या बुटावर पडला तरी त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, दुसरी मारली, आणि तिसऱ्या चकरेला थांबले.

दांडा डाव्या बाजूला होता.

तोवर रोली पीक कागद अडकवलेली आपली फळी आणि पेन्सिल घेऊन आलाच. रोली क्लबचा परीक्षक. निवृत्त पोस्टमास्तर, त्यामुळे नियमाबाहेर शिंकसुद्धा देणार नाही. त्याने कानाला लावलेली पेन्सिल काढली.

“दांडा चुकीच्या बाजूला, उणे सहा. आडवी सळई नाही, उणे चार. इंजिन सुरू होतं का?”

“काल झालं,” डार्ला म्हणाली. तिने गाडी मागच्या स्टँडवर चढवली, पेडलं चारदा जोरात मारली, आणि नव्वद वर्षांचं ते इंजिन धाप लागल्यासारखं खोकून चालू झालं. तिने डावा हात पुढे केला, दांडा ढकलला. मागचं चाक फिरू लागलं. कसलाही आवाज नाही. नुसती मऊ टकटक.

रोलीने कान लावला, दुसरा कान लावला. “खडखडाट नाही. उणे दोन.” मग जरा हळहळून म्हणाला, “क्लबच्या नोंदवहीत जायची नाही गं ही. बाकी सगळं अस्सल दिसतंय, पण पुस्तकाशी जुळलं पाहिजे. कुणीतरी मधे उपद्व्याप केलेला आहे.”

“कोण करणार? आजोबांनी स्वतः बनवली, स्वतः चालवली, स्वतः खुराड्यात ठेवली.”

“आजोबा कोण?” मास्तरांनी विचारलं.

“ओटो बाउर. एलामच्या शेडमध्ये शेवटपर्यंत कामाला होते.” डार्लाने मास्तरांकडे सरळ पाहिलं. “तुम्ही भेटला आहात त्यांना. पान एकसष्ट.”

मास्तरांना आपलं पुस्तक पानासकट पाठ होतं. पान एकसष्ट, खालून तिसरी ओळ: ‘एका वृद्ध कामगाराची या लेखकाने भेट घेतली, परंतु त्याच्या आठवणी विश्वसनीय नाहीत.’

त्यांना सगळं आठवलं. एकोणसत्तरचा नोव्हेंबर, स्वयंपाकघरातली शेगडी, खुर्चीतला म्हातारा. बहिरा ठार. मास्तर प्रश्न विचारत आणि म्हातारा हाताने दांडा ढकलल्यासारखं करून ओरडत असे, “डावीकडे! डावीकडे!” मास्तरांनी वहीत लिहिलं होतं, ‘भ्रमिष्ट’. चहा न घेताच उठले होते.

“मला दुसरं काही नको,” डार्ला म्हणाली. “तुमच्या नोंदवहीत एक ओळ असते ना, गाडी कुणाकडून आली म्हणून? तिथे ओटो बाउर लिहा. त्यांचं नाव कुठेतरी असावं एवढंच. मेल्यावर तरी विश्वसनीय ठरू देत बिचारे.”

रोली विरघळला. “मग असं कर. दांडा काढ, उजवीकडे दोन भोकं पाड, तिकडे लाव. सळई माझ्याकडे एक जादा आहे. अर्ध्या तासाचं काम. तीनला नोंदवही बंद होते, त्याआधी पुन्हा तपासतो.”

“भोकं पाडायची? हिला?”

“आम्ही सगळ्यांनी पाडलीत,” असं म्हणता म्हणता रोलीने जीभ चावली आणि उगाचच खाकरला. “म्हणजे, ज्यांच्या गाड्यांत कुणी उपद्व्याप केलेला होता त्यांनी. असे असतील एखाददुसरे.”

डार्लाने मास्तरांकडे पाहिलं. “मास्तर, तुम्ही सांगा. तुमच्या वर्गात मुलींना घेत नव्हते, मला स्वयंपाकाच्या वर्गात बसवलं होतं. त्यामुळे मला यातलं कळत नाही. तुम्ही म्हणाल तर पाडते भोकं.”

आता मास्तरांनी काय बोलावं? बोलायला तोंड उघडलं, आणि “जरा आलोच” म्हणून चक्क निघून गेले! बहात्तर वर्षांचा माणूस, पण त्या क्षणी शेपूट घालून पळाला, आणि ते त्यांचं त्यांनाही कळत होतं.

कारण एक गोष्ट मास्तरांशिवाय कुणालाच माहीत नव्हती. त्यांची स्वतःची ऑर्डवे, सलग अकरा वर्षं शंभरपैकी शंभर गुण मिळवणारी, काळ्या रंगात आरशासारखी चकाकणारी, ती त्यांना मिळाली तेव्हा तिचा दांडा गायब होता, आणि चौकटीला डावीकडे दोन भोकं होती. फोटोत दांडा उजवीकडे. तेव्हा मास्तरांनी ठरवून टाकलं की कुणा आडगावच्या गॅरेजवाल्याने खेळ केलाय. त्यांनी भोकांत पितळेची बुचं ठोकली, घासून सपाट केली, वर रंगाचे सात हात दिले, उजवीकडे नवी भोकं पाडली आणि त्याविषयी अवाक्षर काढलं नाही. गुण कापले गेले असते ना!

बराच वेळ मैदानात भटकून मास्तर शेडबाहेरच्या तंबूत शिरले. तिथे लोइस बसली होती. लोइस म्हणजे मास्तरांची बायको. चाळीस वर्षं गावातल्या अर्ध्या लोकांचे कोट तिने शिवले. या मेळाव्याला ती दरवर्षी येई, खुर्ची टाकून गोधडीचे तुकडे जोडत बसे, आणि मोटरसायकलकडे ढुंकूनही पाहत नसे. तिच्या शेजारच्या टेबलावर मखमलीच्या पेटीत ती काचेची पट्टी मांडलेली, आणि मागे तो फोटो, भला मोठा करून चौकटीत लावलेला.

“तुझा चेहरा असा का झालाय? पुन्हा दोन सँडविचं खाल्लीस ना?”

“लोइस, ह्या फोटोत काही चुकलेलं दिसतं का तुला?”

लोइसने चष्मा कपाळावरून खाली घेतला. “दिसतं की. कोट बायकी आहे.”

“काय?”

“बायकांचा कोट आहे तो. बटणं बघ. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते, बायकांची उजवी. ह्याची उजवी वर आलीये.”

मास्तर मटकन खुर्चीत बसले. “आणि हे तुला कधी कळलं?”

“तू फोटो घरी आणलास त्याच दिवशी. मला वाटलं, घाईघाईत बायकोचा कोट चढवून आला असेल बिचारा. म्हणून तर एवढा अवघडून उभा आहे.”

“तीस वर्षं! तीस वर्षं तू बोलली नाहीस?”

“तू विचारलंस कधी? ‘लोइस, पुस्तक तपास’ म्हणालास तेव्हा मी स्वल्पविराम तपासले. कोटाबद्दल विचारलं असतंस तर कोटाबद्दल सांगितलं असतं.” मग तिचा आवाज मऊ झाला. “व्हर्नन, झालंय काय?”

मास्तरांनी पेटीतली काच उचलली आणि तंबूच्या दाराशी उजेडात धरली. काचेची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. त्या मंद बाजूवर चित्राचा थर असतो. छापताना मंद बाजू कागदाला टेकवायची. हे मास्तरांना तेव्हाही माहीत होतं. पण एलामचा एकमेव फोटो! थराला चरा गेला तर? जपायचं म्हणून त्यांनी चकचकीत बाजू कागदाला लावली होती. केवढी ती काळजी! त्या काळजीपायी अख्खा माणूस उलटा छापला गेला.

त्यांनी काच फिरवली. दांडा डावीकडे गेला. कोट पुरुषाचा झाला. आणि खिशातला हात उजवा झाला.

तेवढ्यात शेडमधून ड्रिलचा आवाज आला.

मास्तर धावले. काच हातात, लोइस मागे, तिच्या हातात सुईसकट गोधडी. शेडमध्ये मास्तरांची वाट बघून थकलेली डार्ला गुडघ्यांवर बसून चौकट धरून होती, रोलीने खडूने दोन खुणा केल्या होत्या, आणि ड्रिलचं टोक पहिल्या खुणेवर टेकलं होतं.

“थांब! रोली, थांब! ती सोड!”

रोलीने ड्रिल बंद केलं. खडूची खूण तेवढी पुसली गेली होती. खाली नव्वद वर्षांचा गंज शाबूत. “काय झालं? पान त्रेचाळीस...”

“खड्ड्यात गेलं पान त्रेचाळीस! पुस्तक गाढवाने लिहिलंय.”

शेडमध्ये असा सन्नाटा पसरला की बाहेरचा कणसं भाजणारासुद्धा आत डोकावला. मास्तर डार्लाकडे वळले. त्यांना धाप लागली होती. “डार्ला, एलामच्या उजव्या हाताला काय झालं होतं?”

“उजवा? तो होताच कुठे!” डार्ला म्हणाली. “लाकडाच्या कारखान्यात करवतीखाली गेला. नुसता अंगठा उरला होता. म्हणून तर बनवली त्याने ही गाडी. आजोबा सांगायचे, बाजारात मिळणारी कुठलीच गाडी त्याला एका हाताने चालवता येईना. तेव्हा म्हणाला, माझी मीच बनवतो. सगळं डावीकडे. फोटो काढायचा म्हटलं की पठ्ठ्या हात खिशात लपवायचा. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. ‘ऐटीत’ असं लिहिलं होतं त्यांनी. एका माणसाने आपला तुटका हात लपवला आणि यांनी तीस वर्षं ती ऐट म्हणून शिकवली. वर त्याच्या आठही गाड्यांचे दांडे त्याचा हात नव्हता त्या बाजूला नेऊन ठेवले. स्वतः एलाम आला असता तरी त्याला त्यातली एकही चालवता आली नसती.

“पुरावा?” रोली म्हणाला. स्वभाव तो, जातो कुठे! “माफ कर व्हर्नन, पण एका कोंबड्यांच्या गाडीवरून...”

मास्तरांनी खिशातून चाकू काढला, आपल्या शंभर गुणांच्या गाडीपाशी गेले, गुडघे टेकले आणि डावीकडची चौकट खरवडायला लागले. कुणीतरी “अहो!” म्हणून ओरडलं. एकाने डोळ्यांवर हात घेतला. काळ्या रंगाच्या खपल्या पडत गेल्या, आणि खालून पितळेचे दोन पिवळे ठिपके वर आले.

“भोकं आधीपासून इथेच होती. मी बुजवली. आणि गुण जातील म्हणून गप्प बसलो.”

मागून ओहायोच्या एका गृहस्थाने घसा साफ केला. “माझ्यातही आहेत,” तो पुटपुटला. “दोन. डावीकडे. मला वाटलं, माझ्याच गाडीत कुणीतरी...”

“माझ्यातही,” दुसरा म्हणाला.

“माझी तर मी शिशाने बुजवलीत,” तिसरा.

सगळ्यांनी रोलीकडे पाहिलं. रोलीची स्वतःची गाडी कोपऱ्यात उभी होती. रोली कानापर्यंत लाल झाला. “पितळ,” तो म्हणाला. “शहात्तर साली. माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.”

आठ गाड्या आणि आठ शहाणे! प्रत्येकाच्या गाडीने खरं सांगितलं होतं, आणि प्रत्येकाने बूच मारून तिचं तोंड बंद केलं होतं. पहिल्यांदा हसली ती लोइस. मग डार्ला, मग कणसंवाला, मग सगळी शेड. रोलीसुद्धा हसला, पण हसता हसता त्याने मास्तरांच्या गुणपत्रकावर लिहून घेतलं, ‘रंगाला चरे, उणे पाच.’

“खडखडाटाचे दोन गुण?” मास्तरांनी विचारलं.

“रद्द.” रोलीने पेन्सिल कानाला लावली. “तीस वर्षं पोटरी भाजतीये माझी. लेका, तुला सांगतो, खालच्या बाजूचे सगळे केस गेले.”

डार्ला उठली, गुडघे झटकले. “मास्तर, बसा हिच्यावर. खऱ्या ऑर्डवेवर बसलायत कुठे तुम्ही अजून?”

लोइस नको नको म्हणत असताना मास्तर बसले. पेडलं मारली, इंजिन खोकलं, चालू झालं. त्यांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला, डाव्याने दांडा ढकलला, आणि तोच डावा हात हँडलवर घेऊन मैदानाची एक पूर्ण फेरी मारली. सगळं हाताशी होतं. जे हवं ते डावा हात जाईल तिथे सापडत होतं. गाडी आवाज न करता चालली होती, आणि कुंपणापलीकडच्या मक्यातून वारा जातोय तोही त्यांना ऐकू येत होता. तीस वर्षं ऑर्डवे चालवून तो त्यांना कधी ऐकू आला नव्हता. मास्तरांचे डोळे भरून आले. पुसायला हात नव्हता, म्हणून तसेच आले परत.

“दोन्ही हात धरून चालवायला काय होतं रे तुला!” लोइस कुंपणापासून ओरडत होती.

पावणेतीन वाजले होते. रोलीने नोंदवही उघडून नवव्या गाडीसमोर ‘ओटो बाउर’ लिहिलं, सुंदर पोस्टातल्या अक्षरात, आणि शंभर गुण टाकले. कोंबड्यांच्या शिटेचे कापावेत का, यावर तो थोडा घुटमळला. पण तीही अस्सल आहे असं मास्तरांनी ठणकावून सांगितलं.

मग डार्लाने पिकअपमधून पुस्तकाची आपली प्रत आणली. एकाहत्तर सालची पहिली आवृत्ती. आतल्या पानावर निळ्या शाईत ओटो बाउरची सही होती. म्हाताऱ्याने पैसे देऊन विकत घेतलं होतं, आणि वाचलंही असणार, कारण पान एकसष्टचा कोपरा दुमडलेला होता.

“लिहा,” डार्ला म्हणाली.

मास्तरांनी रोलीची पेन्सिल घेतली. खालून तिसरी ओळ खोडली. समासात लिहिलं: ‘ओटो बाउर यांनी १९६९ साली मला खरं ते सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. व्हर्नन टाइस.’

डार्लाने पुस्तक जवळ घेऊन सावकाश वाचलं. मग ते परत त्यांच्यापुढे ठेवलं.

“‘ऐकलं नाही’च्या खाली रेघ ओढा, मास्तर.”

मास्तरांनी ओढली.

“दोन.”

मास्तरांनी दुसरीही ओढली.